शत्रू आलाच नाही : मुंबईच्या कोटातील एक पायी फेरी

(दीर्घ धागा)

१) चर्चगेट स्थानकातून रोज लाखो माणसे बाहेर पडतात. स्थानकाच्या नावात दरवाजा आहे, पण आसपास कोठेही दरवाजा दिसत नाही. नावातले चर्चही येथून सुमारे एक किलोमीटर पूर्वेला आहे. बाजारगेट रस्त्यालाही गेट नाही. ज्याला आपण सर्रास ‘फोर्ट’ म्हणतो आणि आपली आजी-पणजी ‘कोट’ म्हणत असे, तेथे किल्लाही दिसत नाही. नावे उरली आणि वास्तू नाहीशा झाल्या. हे कसे घडले, ते आज चालत चालत पाहू.

२) जाणकार वाटाड्या सोबत घेऊन लहान गटाने शहर पाहण्याची पद्धत मुंबईत आता चांगलीच रुजली आहे. चार-सहा मित्रांनी मिळून आपल्यापुरती फेरी ठरवावी. मग वेग आपला आणि प्रश्नही आपले. अशा फेऱ्यांत बहुधा इमारती दाखवतात, त्यांची शैली, वास्तुरचनाकार आणि वर्षे सांगतात. ते ऐकावेच. परंतु वाटाड्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा : “ही जागा मोकळी का आहे?” कोटाचा खरा इतिहास मोकळ्या जागांत दडलेला आहे.

३) मराठीत मुंबईचा पहिला मोठा वाटाड्या म्हणून एक नाव घ्यावे लागेल : गोविंद नारायण मडगांवकर. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने शिक्षक. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहराचा इतिहास, वस्त्या, बाजार, लोक या साऱ्यांची नोंद एका मराठी माणसाने एवढ्या विस्ताराने प्रथमच केली. योगायोग असा, की हे पुस्तक आले त्याच सुमारास मुंबईचा तट पाडला जात होता. जुने शहर डोळ्यांदेखत नाहीसे होत असताना त्यांनी ते कागदावर उतरवून ठेवले.

४) आपला मार्ग सोपा आहे. चर्चगेट, ओव्हल व क्रॉस मैदान, हुतात्मा चौक, सेंट थॉमस कॅथेड्रल, हॉर्निमन सर्कल, तेथून उत्तरेला बाजारगेट आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमागील सेंट जॉर्ज रुग्णालयाचा परिसर. अंतर अडीच-तीन किलोमीटर. रविवारी सकाळी लवकर निघावे. तेव्हा रस्ते रिकामे असतात आणि मान वर करून पाहता येते.

५) पहिला थांबा : चर्चगेटकडून पूर्वेला निघाल्यावर उजव्या हाताला ओव्हल, डाव्या हाताला क्रॉस मैदान. येथे उभे राहून आपला प्रश्न विचारावा. जेथे इंचाइंचाला मोल आहे, त्या शहराच्या मध्यभागी एवढी जमीन रिकामी कशी राहिली? क्रिकेटसाठी कोणी ती राखून ठेवली नव्हती. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही चारही मैदाने एकाच विस्तीर्ण पटांगणाचे तुकडे आहेत. त्या पटांगणाला ‘एस्प्लनेड’ म्हणत. तटावरच्या तोफांना समोरचा प्रदेश मोकळा दिसावा, शत्रूला लपायला घर किंवा झाड मिळू नये, म्हणून ते रिकामे ठेवलेले होते.

६) हा शत्रू कोण होता? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले, तेव्हा शहराभोवती तट नव्हता. बंदराच्या काठावर पोर्तुगीज काळातील वाड्याभोवती उभारलेला एक लहान किल्ला, म्हणजे ‘बॉम्बे कॅसल’, एवढाच आसरा होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीला सैन्य उतरवले, माझगाव-माहीम घेतले आणि कॅसललाच वेढा घातला. अखेरीस औरंगजेबाची माफी मागून आणि दंड भरून कंपनीने सुटका करून घेतली. उघड्या शहराची किंमत काय असते, हा धडा ती विसरली नाही.

७) तट उभा राहिला तो चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत. बून १७१५ च्या अखेरीपासून १७२२ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्यापुढे उभी असलेली शक्ती म्हणजे मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे. बूनने एकीकडे शहराभोवती तट घातला, दुसरीकडे जहाजे बांधून विजयदुर्ग, खांदेरी आणि अलिबागचा कुलाबा यांच्यावर मोहिमा काढल्या. तट टिकला. मोहिमा मात्र एकामागून एक फसल्या.

८) या तटाला तीन प्रमुख दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि उत्तरेला बाजार गेट. पूर्वेला समुद्र, गोदी आणि कॅसल. रात्री दरवाजे बंद होत. आजच्या फोर्ट भागाची सीमा मनात धरायची असेल, तर एवढा आराखडा पुरेसा आहे. आपण उभे आहोत ती मैदानाची बाजू, म्हणजे तटाच्या बाहेर. गेल्या शतकातल्या भरावाच्या आधी आपल्या पाठीशी बॅक बेचा समुद्र याहून पुष्कळच जवळ होता.

९) मग १७३९ साल उजाडले. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला आणि मराठ्यांची सीमा साष्टीपर्यंत, म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत आली. मधे उरली ती फक्त माहीमची खाडी. कंपनीने दोन दूत धाडले. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे गेला, कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे. त्याच वर्षी मराठ्यांशी तह झाला. तरीही मुंबईकरांना झोप लागेना.

१०) तहाच्या कागदापेक्षा खंदकावर त्यांचा विश्वास अधिक होता. तटाभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि शहरातील व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. हा तपशील महत्त्वाचा आहे. आपण कंपनी विरुद्ध मराठे असे सरळ चित्र रंगवतो. येथे मात्र मुंबईतील व्यापारी मराठ्यांपासून बचाव व्हावा म्हणून कंपनीच्या खंदकाला पैसे देताना दिसतात. त्यांची पेढी, गोदामे आणि कुटुंबे तटाच्या आत होती. अठराव्या शतकातील निष्ठा आजच्या मोजपट्टीने मोजू गेलो, तर इतिहास हातातून निसटतो.

११) मराठ्यांची धास्ती हे एकच कारण होते असेही नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंचांशी युद्धे पेटली आणि समुद्रावरून फ्रेंच आरमार येईल या भीतीने तटबंदी आणखी भक्कम करण्यात आली. १७६९ च्या सुमारास उत्तरेच्या टोकाला फोर्ट जॉर्ज बांधला गेला. तो शेवटच्या थांब्यावर भेटेल. मात्र खंदक खणला तो वसई पडल्यावर, हे विसरू नये. वसईत वाजलेले नौबतखाने मुंबईच्या नकाशावर असे उमटले.

१२) मैदान मोकळे करणे म्हणजे काय, याचाही विचार करावा. तेथे घरे होती, नारळाची झाडे होती. ती हटवावी लागली आणि पुढे ही मोकळी हद्द अधिकाधिक रुंदावत गेली. मुंबादेवीचे मूळ देऊळ आजच्या सीएसएमटीच्या परिसरात होते आणि अठराव्या शतकात ते तेथून हलवले गेले, असे परंपरा सांगते. आज ते भुलेश्वर-झवेरी बाजाराच्या भागात आहे. जिच्या नावावरून शहराला नाव मिळाले, त्या देवीलाही कोटाजवळची जागा सोडावी लागली. सामान्य रहिवाशांची काय कथा?

१३) एवढी तयारी झाली, पण मुंबईच्या तटावर मराठ्यांनी हल्ला केलाच नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि ज्या शत्रूसाठी तट होता तो शत्रूच उरला नाही. तट मात्र पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे उभा राहिला. खंदक घाण पाण्याने भरू लागला. वाढत्या व्यापाराच्या गाड्या अरुंद दरवाजांत अडकू लागल्या. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात तट पाडण्याचे काम तडीस गेले.

१४) वेळही अनुकूल होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशांचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६५ मध्ये पेढ्या व कंपन्या धडाधड बुडाल्या. परंतु तोवर तट गेला होता, जमीन मोकळी झाली होती आणि नव्या शहराचा आराखडा पक्का झाला होता.

१५) आता ओव्हलवरून पूर्वेकडे पाहावे. सार्वजनिक बांधकाम कार्यालय (१८७२), उच्च न्यायालय (१८७८), राजाबाई मनोरा आणि विद्यापीठाचे ग्रंथालय (१८७८), दीक्षान्त सभागृह (१८७४), जुने सचिवालय (१८७४) अशी गॉथिक शैलीची रांग दिसते. या साऱ्यांची तोंडे पश्चिमेला, त्या वेळच्या समुद्राकडे आहेत. तट आणि त्यालगतचे मैदान यांच्या पट्ट्यात ही रांग उभी राहिली. तोफांच्या जागी न्यायालय आणि विद्यापीठ आले, पण ओळ तीच राहिली. म्हणूनच ती एखाद्या दगडी भिंतीसारखी भासते. मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती विसाव्या शतकातल्या. दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या.

१६) दुसरा थांबा : हुतात्मा चौक. चर्च गेट येथेच होते. तट पाडल्यावर त्या जागी फ्लोरा फाउंटन हे कारंजे आले. प्रत्यक्षात ते राणीच्या बागेसाठी योजलेले होते. दरवाजा गेला तरी हा चौक शहराचा उंबरठाच राहिला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर येथे पोलिसांनी गोळीबार केला. चळवळीत शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगारांचे स्मारक आज कारंज्याशेजारी उभे आहे. ज्या दाराशी एकेकाळी मराठ्यांना अडवायची तयारी होती, त्याच दाराशी मराठी माणसांनी शहरावरचा आपला हक्क मागितला. येथे क्षणभर गप्प उभे राहावे.

१७) येथून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेला चालावे. हीच जुनी ‘चर्चगेट स्ट्रीट’. कोटाच्या आतली एक न दिसणारी सीमारेषाही हीच. रस्त्याच्या दक्षिणेला मुख्यतः युरोपीय लोकांची घरे, उत्तरेला पारशी, बनिया, बोहरी आणि इतर हिंदी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. आजही दक्षिणेचे रस्ते रुंद आणि उत्तरेच्या गल्ल्या अरुंद दिसतात. दोन्ही बाजूंच्या गल्लीत शंभर-शंभर पावले टाकून पाहावे. फरक पायांना कळतो.

१८) तिसरा थांबा : सेंट थॉमस कॅथेड्रल. चर्च गेटमधले चर्च ते हेच. गव्हर्नर ऑंजिअरच्या काळात सुरू झालेले बांधकाम कित्येक दशके अर्धवट पडून होते. १७१८ च्या नाताळात, म्हणजे बूनच्याच कारकिर्दीत, ते उपासनेसाठी उघडले. मुंबईतील जुने मैलाचे दगड याच चर्चपासून अंतर मोजत. अशा काही दगडांचा अलीकडे शोध घेऊन त्यांची डागडुजी झाली आहे. दादर-परळकडच्या एखाद्या पदपथावर मैलाचा दगड दिसला, तर तो येथून मोजलेला आहे हे ध्यानात ठेवावे.

१९) चार पावलांवर हॉर्निमन सर्कल. पूर्वी येथे ‘बॉम्बे ग्रीन’ हे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाचे ढीग पडत. १८६० च्या दशकात भोवती एकसारख्या इमारतींचे वर्तुळ उभे राहिले. त्यास गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर आले ते बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक. ब्रिटिश सरकारवर कठोर टीका केल्याबद्दल १९१९ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. समोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची वास्तू. त्याच्या पायऱ्यांवर बसून थोडी विश्रांती घ्यावी.

२०) त्या पायऱ्यांवर बसले की टाउन हॉलच्या मागे, पाठीकडे, बॉम्बे कॅसलची जागा येते. ती आज नौदलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे सहज आत जाता येत नाही. परंतु नौदलाच्या या तळाचे नाव काय आहे, ते वाटाड्याला विचाराच. आय.एन.एस. आंग्रे! १९५१ पासून हेच नाव आहे. ज्यांच्या धास्तीने बूनने तट बांधला, त्या सरखेलांचे नाव त्याच तटातील बालेकिल्ल्याला मिळाले. कान्होजींनी हा किल्ला कधी जिंकला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोनशे वर्षांनी तो त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

२१) आता उत्तरेला, बाजारगेट रस्त्याकडे. वाटाड्यांच्या फेऱ्यांत हा भाग पुष्कळदा गाळला जातो, कारण येथे भव्य काही नाही. पण कोटातले खरे वाहते जीवन येथेच होते. बानाजी लिमजी अग्यारी १७०९ ची, म्हणजे तटाहूनही जुनी. माणेकजी सेठ अग्यारी १७३३ ची. बोरा बाजार, मोदी स्ट्रीट ही नावे वस्तीची ओळख सांगतात. ‘गनबो स्ट्रीट’ हे इंग्रजी वाटणारे नाव नाना शंकरशेटांच्या घराण्यातील गणबाशेटांवरून पडले, असे सांगतात. इंग्रजी उच्चाराने मराठी माणूस कसा झाकला जातो, त्याचे हे उत्तम उदाहरण.

२२) फेब्रुवारी १८०३ मध्ये याच उत्तर भागात भीषण आग लागली. दाटीवाटीच्या बाजारातील घरे आणि गोदामे जळून खाक झाली. आगीनंतर सरकारने मैदानाची मोकळी हद्द आणखी वाढवली आणि लोकांना मैदानापलीकडे वसण्यास उत्तेजन दिले. मांडवी, काळबादेवी, भुलेश्वरकडची वस्ती फोफावण्यास त्यामुळे मोठा हातभार लागला. तटाच्या आतले शहर आणि मैदानापलीकडचे शहर अशी दोन शहरे झाली. गिरगाव किंवा भुलेश्वर ‘कोटाबाहेरचे’ का, याचे उत्तर या मैदानात आहे.

२३) रस्त्याच्या उत्तर टोकाला बाजार गेट होते. आता समोर येते ते सीएसएमटी. १८५३ साली पहिली आगगाडी येथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला धावली. सध्याची इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली. सारेजण तिचे छायाचित्र काढतात. आपणही काढावे. पण फेरी येथे संपवू नये. इमारतीच्या मागच्या बाजूला, सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे जावे.

२४) शेवटचा थांबा : रुग्णालयाच्या आवारालगत, पी. डि’मेलो रस्त्याच्या बाजूला, फोर्ट जॉर्जच्या जुन्या दगडी भिंतीचा अवशेष उभा आहे. तो राज्य संरक्षित स्मारक आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे कार्यालयही तेथेच आहे. मुंबईचा कोट आज हाताने शिवता येतो तो मुख्यतः येथे. शेजारून ट्रक, टॅक्सी आणि रुग्णवाहिका धावत असतात आणि फार थोडे लोक त्या दगडांकडे पाहतात. किल्ल्याचा एक तुकडा रुग्णालयाच्या कुशीत टिकून राहिला.

२५) या फेरीतून काय हाती लागते? शहरांचा आकार केवळ घडलेल्या घटनांनी ठरत नाही. न घडलेल्या घटनांच्या भीतीनेही तो ठरतो. मराठ्यांनी मुंबईला वेढा घातला नाही, पण त्या संभाव्य वेढ्याने तट, खंदक आणि मैदान दिले. तट गेला आणि त्याच्या ओळीत न्यायालय व विद्यापीठ आले. खंदक बुजला, रस्ते झाले. मैदाने राहिली आणि आज तेथे रविवारी शेकडो मुले क्रिकेट खेळतात. तोफांसाठी मोकळी केलेली जमीन या गुदमरलेल्या शहराचे फुप्फुस झाली.

२६) म्हणून या मोकळ्या जागांवर जेव्हा जेव्हा नव्या बांधकामाची चर्चा निघते, तेव्हा हा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. इमारतीला संरक्षण मिळवून देणे तुलनेने सोपे असते. तिला शैली असते, वर्ष असते, नावाची पाटी असते. रिकामी जागा मुकी असते. तिची बाजू मांडायला इतिहास जाणणारी माणसेच लागतात. अशी माणसे घडवणे, हा पायी फेरीचा खरा लाभ.

२७) मित्रहो, हे केवळ मुंबईपुरते नाही. आपल्या गावातही वेस नसलेली ‘वेशीबाहेरची’ आळी असेल, दरवाजा नसलेला एखादा ‘दरवाजा’ असेल, खंदक बुजवून झालेला रस्ता असेल. एखाद्या रविवारी गावातील जाणत्या माणसाला सोबत घ्यावे आणि ती ओळ पायांनी शोधावी. तुमच्या गावातील असे उरलेले नाव कोणते आणि त्यामागे काय होते, ते या धाग्याखाली अवश्य लिहा.